बाबावाक्य आणि सदसद्विवेक

‘बाबावाक्यं प्रमाणम्’ ही आपल्याकडची जुनी थट्टा. वडीलधारा बोलला ते विचार न करता खरे मानणाऱ्याला उद्देशून ती केली जाते. आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांविषयी अशीच एक समजूत रूढ आहे. रोमचे पोप बोलले की प्रश्न संपला. कॅथलिकाने एक तर मान तुकवावी, नाही तर चर्चची पायरी उतरावी. कित्येक कॅथलिकही असेच समजून चालतात. परंतु ही समजूत चर्चच्या स्वतःच्या शिकवणीला धरून नाही. आज्ञापालन कोठे बंधनकारक आणि मतभेदाला जागा कोठे, याचा विचार त्या धर्मपीठाने फार बारकाईने केलेला आहे. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हे. तथापि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगणाला अंगण लावून राहिलो, त्यांच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.

पोप प्रमादातीत आहेत असे सरसकट म्हटले जाते. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने केलेला निर्णय मात्र मोजूनमापून केलेला आहे. साऱ्या ख्रिस्ती जनांचे गुरू या नात्याने, धर्मश्रद्धा किंवा नीती यांविषयी, संपूर्ण चर्चने मानलाच पाहिजे असा अंतिम निर्णय पोपनी दिला, तरच त्यात चूक संभवत नाही. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत असा निर्णय एकदाच झाला. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप पायस बारावे यांनी मरियामातेच्या सदेह स्वर्गारोहणाची घोषणा केली, तो हा प्रसंग. जगभरच्या बिशपांनी पोपांसह एकमुखाने अंतिम म्हणून दिलेली शिकवणही याच पायरीवरची. येथे कॅथलिकाला मतभेदाची मुभा नाही.

त्याखालची पायरी अधिक अवघड. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सांगितले, की पोपांची शिकवण अंतिम स्वरूपाची नसली तरी तिच्यापुढे बुद्धी आणि इच्छा आदरपूर्वक नमवावी. म्हणजे ती ऐरागैराचे मत म्हणून झटकून टाकता येत नाही, आणि अखेरचा शब्दही ठरत नाही. याहून निराळा प्रांत कारभाराचा व राजकारणाचा. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी भारतातील पोर्तुगीज धर्माधिकाराची क्षेत्रे तोडली, तेव्हा गोव्याच्या अनेक धर्मगुरूंनी तो हुकूम मानला नाही. रोमने त्यांस फुटीर म्हटले. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांतही दोन तट पडले. पुढे १८८६ च्या कराराने बरीचशी तडजोड झाली. तो वाद अधिकाराचा होता, धर्मसिद्धांताचा नव्हता. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांची भेट घेतल्यावर पंडित नेहरूंनी सांगितले, की गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे पोपना मान्य आहे. सालाझारशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या कॅथलिक गोमंतकीयांनी धर्मद्रोह केला, असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळ्या उत्तराची गरज नव्हती.

या मधल्या पायरीची खरी कसोटी लागली ती १९६८ मध्ये. संततिनियमनाचा विचार करण्यासाठी पोप जॉन तेविसावे यांनी नेमलेल्या आणि पोप पॉल सहावे यांनी वाढविलेल्या मंडळातील बहुसंख्य सदस्यांनी १९६६ मध्ये बदलाच्या बाजूने कौल दिला होता. पोप पॉल यांनी तो स्वीकारला नाही. २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने वीते’ या पत्राने कृत्रिम साधने निषिद्धच ठरविली. मात्र हे पत्र प्रमादातीत निर्णय नव्हे, असा खुलासा ते प्रसिद्ध करतानाच व्हॅटिकनच्या वतीने करण्यात आला. वॉशिंग्टनमधील धर्मशास्त्राचे प्राध्यापक फादर चार्ल्स करन आणि त्यांचे शेकडो सहकारी यांनी उघड असहमती नोंदविली. सप्टेंबरमध्ये विनिपेग येथे जमलेल्या कॅनडाच्या बिशपांनी तर असे आश्वासन दिले, की प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना ही शिकवण आपलीशी करता येत नाही, त्यांनी शुद्ध मनाने योग्य वाटेल तो मार्ग निवडल्यास स्वतःला चर्चपासून तुटलेले समजू नये.

हा पंडितांचा शब्दच्छल नव्हता. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली एखादी माता पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून काय सांगणार होती, आणि पलीकडचा धर्मगुरू तिला काय उत्तर देणार होता, हा खरा प्रश्न होता. कोणी आज्ञा पाळली व किंमत मोजली. कोणी मोडली आणि कम्युनियन घेणे सोडले. कोणी मोडूनही निर्धास्त मनाने चर्चमध्ये येत राहिले. यांतले कोण चुकले हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु तिघांनाही सारख्याच पापी वा सारख्याच पुण्यवान रांगेत बसविणे न्यायाचे होणार नाही.

रोमची बाजूही ऐकली पाहिजे. सत्य बहुमताने ठरत नाही. प्रत्येकाने आपल्या सोयीचे तेवढे उचलावयाचे ठरविले तर श्रद्धेचा बाजार होईल, ही भीती निराधार नाही. याच भूमिकेतून १९७९ मध्ये हान्स क्यूंग यांचा आणि १९८६ मध्ये करन यांचा कॅथलिक धर्मशास्त्राचे अध्यापक म्हणून असलेला अधिकार काढून घेण्यात आला. १९९० च्या सूचनापत्राने सांगितले, की अभ्यासकाने आपली अडचण वरिष्ठांपुढे मांडावी, वृत्तपत्रांतून दबाव आणू नये. पण १९८३ च्या धर्मविधिसंहितेनेच श्रद्धावंतांना आपले मत धर्मपालांस आदरपूर्वक कळविण्याचा हक्क दिला आहे. प्रसंगी ते कर्तव्यही मानले आहे. ऐकणारा कान नसेल तर त्या हक्काला अर्थ काय, हे रोमलाही विचारावे लागेल.

शिवाय इतिहास साक्ष आहे. धर्मस्वातंत्र्याची आधुनिक कल्पना पोप पायस नववे यांनी १८६४ मध्ये चुकांच्या यादीत घातली. १९६५ मध्ये परिषदेने त्याच स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. तो घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या अमेरिकन जेसुइट जॉन कोर्टनी मरे यांना दहाच वर्षांपूर्वी या विषयावर लेखन थांबविण्यास सांगण्यात आले होते. ते थांबले, पण त्यांनी विचार सोडला नाही.

मतभेद हे केवळ सुधारकांचेच हत्यार, असेही नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये देहदंड कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य ठरविला, तेव्हा पोपनिष्ठेचा डंका पिटणाऱ्या सनातनी मंडळींतून विरोध उठला. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतील बिशपांनी आपल्याकडे ते उचित नाही असे जाहीर केले. आपल्याला पटते तेव्हा पोपांचा शब्द प्रमाण आणि न पटला की सदसद्विवेक श्रेष्ठ, हा दुटप्पीपणा दोन्ही पक्षांत दिसतो. माप दोघांनाही एकच हवे.

ते माप कोणते? कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ मध्येच सुचविले, की जेवणानंतर शुभेच्छेचा पेला उंचावायचाच झाला तर पोपांसाठी उंचवावा, पण आधी सदसद्विवेकासाठी. त्याच न्यूमनना २०१९ मध्ये चर्चने संतपद दिले. मात्र त्यांचा सदसद्विवेक म्हणजे लहर नव्हे. ज्याला असहमत व्हायचे आहे त्याने आधी शिकवण समजून घ्यावी, चूक आपलीच तर नाही ना हे तपासावे, स्वार्थ बाजूस ठेवावा आणि मग जे बोलायचे ते उघडपणे, आदर न सोडता बोलावे. परकी सत्ता झुगारताना कायदेभंग व बेशिस्त यांतील अंतर आमच्या पिढीने तुरुंगाच्या दारात शिकून घेतले आहे. कायदा मोडणाऱ्याने शिक्षेपासून पळू नये, आणि शिक्षा देणाऱ्यानेही समोरच्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेऊ नये. चर्चची गोष्ट राज्यसत्तेहून वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. तेथे नाते आज्ञेचे आहे तसेच मायेचे आहे. म्हणूनच न पटलेली गोष्ट घरातच राहून सांगणाऱ्या लेकराला उंबऱ्याबाहेर काढण्याची घाई त्या मातेने करू नये, आणि लेकरानेही तिचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्याविना तोंड फिरवू नये, एवढेच शेजारधर्माने आम्हांस म्हणावेसे वाटते.