सममितीची राखण

चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचे गणित मांडावयाचे, तर पाण्याच्या प्रत्येक रेणूचा हिशेब ठेवावा लागत नाही. खोली, गुरुत्वाकर्षण, पृष्ठताण अशा दोन-चार राशींवर काम भागते. सूक्ष्म जगाचा सारा तपशील मोजक्या आकड्यांत सामावून घेणाऱ्या अशा मांडणीला कार्यसाधक सिद्धान्त म्हणता येईल.

मूलकणांच्या बाबतीत मात्र एक अडचण उभी राहते. पुंजसिद्धान्तानुसार निर्वात अवकाशही स्वस्थ नसते. इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी प्रकाशकण सोडतो आणि परत घेतो. या उलाढालीची भर त्याच्या वस्तुमानात पडते. हीच पुंजीय दुरुस्ती. हिशेब जितक्या सूक्ष्म अंतरापर्यंत न्यावा, तितकी ही भर बेसुमार वाढावी. मग इलेक्ट्रॉन इतका हलका कसा राहिला?

उत्तर सममितीत आहे. इलेक्ट्रॉनाची दोन रूपे असतात, एक डावे आणि एक उजवे. विद्युत्चुंबकीय क्रिया डाव्याचे उजवे करीत नाही. ते काम केवळ वस्तुमानाचे. म्हणून वस्तुमान मुळात शून्य असते, तर दुरुस्तीही शून्यच राहिली असती. ते अल्प आहे, म्हणून दुरुस्तीही त्याच्याच प्रमाणात अल्प. ही भर अत्यंत मंद गतीने वाढते, हे व्हाइसकॉफ यांनी १९३९ साली दाखविले होते. प्रकाशकणाचे वस्तुमान शून्यावरून ढळत नाही, तेही अशाच एका सममितीमुळे.

डाव्या-उजव्याच्या या भेदाचे महत्त्व १९५७ साली नव्याने प्रत्ययास आले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी मार्शाक यांच्यासह असे प्रतिपादिले, की किरणोत्सर्गामागील क्षीण क्रिया कणांच्या डाव्या रूपाशीच नाते जोडते. हेच सुदर्शन पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले.

एखादी राशी शून्य मानताच सममिती वाढत असेल, तरच तिचे लहान असणे स्वाभाविक, हा दंडक १९८० च्या सुमारास टी हूफ्ट यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. २०१२ साली सापडलेला हिग्ज कण या कसोटीला उतरत नाही. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आहे. पण ते याहून कितीतरी अधिक का नाही, याचे उत्तर देणारी सममिती अद्याप गवसलेली नाही. ती निसर्गात दडलेली आहे, की राखणदारावाचूनच हे वस्तुमान लहान राहिले आहे? आजच्या भौतिकीपुढील हा खरा पेच आहे.