रुग्णनोंदींची फाइल उघडत नाही तेव्हा

गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी आपल्यापैकी अनेकांनी चिकित्सालयात पहिला संगणक आणला व कुणा होतकरू तरुणाकडून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये रुग्णनोंदी ठेवण्याची सोय करवून घेतली. नाव, वय, प्रकृती, अष्टविध परीक्षण, पंचकर्माच्या तारखा, दिलेले कल्प, पथ्यापथ्य असे सारे त्यात साठत गेले. तो तरुण पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला; सॉफ्टवेअर मात्र निमूटपणे चालत राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नियमित आधार थांबला आणि नवे संगणक घेणे अनेकांना भाग पडले. जुनी फाइल नव्या यंत्रावर ठेवून तिच्यावर दोनदा टिचकी मारावी, तर ती उघडतच नाही, किंवा अर्धवट उघडून मिटते. बाहेर रुग्ण ताटकळलेले असतात. अशा वेळी काय करावे, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आधी फाइलची एक प्रत काढून निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. हे सांगण्यास कारण आहे. भल्लातकाच्या कल्पाने एखाद्या रुग्णाच्या अंगावर दाह व स्फोट उठले होते, ही नोंद बारा वर्षांपूर्वी केलेली असते आणि ती केवळ त्या फाइलीतच असते. रुग्ण विसरलेला असतो, वैद्यासही आठवत नाही. दुरुस्तीच्या घाईत ती एक ओळ नाहीशी झाली, तर फाइल पुन्हा उघडल्याचा आनंद फसवा ठरतो.

रोगपरीक्षेची आपली रीत येथेही उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ति या पाचांपैकी पूर्वरूपाकडे बहुधा कुणाचेच लक्ष गेलेले नसते. फाइल उघडण्यास महिनोन्महिने अधिकाधिक वेळ लागत होता, हे नंतर आठवते. रूप मात्र समोर असते. पडद्यावर येणारा संदेश जसाच्या तसा कागदावर उतरून घ्यावा. ‘काहीतरी एरर आली’ एवढ्या वर्णनावर तंत्रज्ञास निदान करता येत नाही. ‘पोटात कसेसे होते’ एवढ्यावर आपणांस तरी कोठे येते?

फाइल अन्य कुणी वापरत आहे, असा संदेश असेल, तर प्रकरण बहुधा साधे असते. ॲक्सेसची फाइल उघडताच तिच्याशेजारी त्याच नावाची एक छोटी कुलूप-फाइल तयार होते. जुन्या एमडीबी प्रकारात तिच्या नावाअखेर एलडीबी असते; २००७ सालच्या आवृत्तीबरोबर आलेल्या एसीसीडीबी प्रकारात एलएसीसीडीबी असते. शेवटचा वापरकर्ता बाहेर पडला, की ती आपोआप पुसली जाते. वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर ती मागे राहते. स्वागतकक्षातील संगणकावर फाइल उघडी नाही ना, हे पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये ॲक्सेस अदृश्यपणे चालू राहिलेले दिसल्यास ते बंद करावे. मगच ही कुलूप-फाइल काढून टाकावी. ज्या फोल्डरमध्ये मूळ फाइल आहे, तेथे नवी फाइल निर्माण करण्याची व पुसण्याची अनुमती सर्व वापरकर्त्यांस हवी, ही गोष्ट नवे यंत्र मांडून देणारे पुष्कळदा विसरतात.

फाइलचा प्रकारच ओळखता येत नाही, असा संदेश आल्यास ती बिघडली असे लगेच मानू नये. ॲक्सेस ९७ मध्ये केलेल्या फाइली २०१३ पासूनच्या आवृत्त्या उघडत नाहीत. २००३, २००७ किंवा २०१० ची आवृत्ती असलेला संगणक एखाद्या स्नेह्याकडे शोधावा, तेथे फाइलचे नव्या प्रकारात रूपांतर करावे आणि मग ती आपल्या यंत्रावर आणावी. दुसरी अडचण ३२ व ६४ बिटांची आहे. २०१९ च्या आवृत्तीपासून ऑफिस सहसा ६४ बिटांचेच बसते. ३२ बिटांच्या ॲक्सेसमध्ये बंदिस्त करून दिलेली एसीसीडीई फाइल त्यावर चालत नाही. येथे ३२ बिटांचे ऑफिस बसवून घेणे हा आम्हांस सर्वांत कमी त्रासाचा मार्ग वाटतो.

आता उपशय. लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय-अनुपशयाने व्याधी ओळखावा, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. येथील उपशय म्हणजे शिफ्टची कळ. ती दाबून धरून फाइल उघडली असता आरंभी आपोआप चालणाऱ्या आज्ञा व पहिला फॉर्म टाळले जातात (कर्त्याने ही सोय मुद्दाम बंद केलेली नसेल तर). अशा रीतीने फाइल उघडली व आतील तक्ते दिसले, तर नोंदी बहुतांशी सुरक्षित असून दोष आरंभीच्या आज्ञांत आहे, असे समजावे. तरीही न उघडल्यास नवी कोरी फाइल करून तीत जुन्या फाइलीतील तक्ते एकेक करून आयात करण्याचा प्रयत्न करावा. एक तक्ता अडला, तरी बाकीचे हाती लागतात.

आरंभीच्या आज्ञांतील एक दोष विशेष फसवा आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख निवडण्यासाठी एक दिनदर्शिका-नियंत्रक वापरीत. ॲक्सेस २०१० पासून तो काढून टाकण्यात आला. गंमत अशी, की तो सापडला नाही म्हणून ॲक्सेस तक्रार करते ती आजची तारीख देणाऱ्या अथवा शब्दाची पहिली अक्षरे काढणाऱ्या साध्या, निर्दोष आज्ञेबद्दल. गृध्रसीत वेदना पिंडरीत आणि मूळ कटीत, तसाच हा प्रकार. तंत्रज्ञ त्या आज्ञेची ओळ पुनःपुन्हा तपासत बसतो. व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीत टूल्समधील रेफरन्सेस ही यादी उघडल्यास ‘मिसिंग’ असे लिहिलेली ओळ दिसते. तिच्यापुढील खूण काढली, की पुष्कळदा उरलेले सर्व सुरळीत चालते. दिनदर्शिकेचा चौकोन तेवढा फॉर्मवरून काढावा लागतो.

फॉर्म दिसतो, परंतु बटणे निर्जीव आहेत, हे निराळे रूप. ई-मेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील आज्ञा ऑफिस २०२२ पासून मुळातच रोखून धरते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करावी, अर्थात फाइल आपलीच आहे, याची खात्री असेल तरच.

याउपर उरतो तो खरा बिघाड. त्याची संप्राप्ति ठरलेली आहे: लिहिणे चालू असताना वीज जाणे, वायफायवरून दोन संगणकांनी एकच फाइल वापरणे, किंवा जिव्हेची व क्ष-किरणांची छायाचित्रे फाइलीतच भरत राहून तिचा आकार दोन जीबीच्या मर्यादेस भिडणे. यावर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही आज्ञा आहे. ती उपयुक्त असली, तरी तिला शोधन समजावे, शमन नव्हे. ती जे दुरुस्त करू शकत नाही, ते टाकूनही देते. काही अडचण आली, तर ‘एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर’ नावाचा एक तक्ता मागे ठेवते, तो अवश्य वाचावा. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची एकूण नोंदसंख्या ताडून पाहावी. दुरुस्तीपूर्वी ती मोजता आली नसेल, तर जुन्या पेनड्राइव्हवरील शेवटच्या प्रतीशी तुलना करावी व हरवलेले क्रमांक कागदी केसपेपरांतून भरून काढावेत.

शेवटी, बिघाड नसून बिघाड भासणारी एक गोष्ट. फाइल उघडते, पण रुग्णांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो. एका व्यवसायबंधूंनी याच कारणाने अकरा वर्षांच्या नोंदी निकामी झाल्या असे मानले होते. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. फॉन्ट हा फाइलीचा भाग नसतो, त्यामुळे नव्या यंत्रावर तो नसला, की केवळ घरे दिसतात, अक्षरे नाहीत. जुन्या संगणकातून तो फॉन्ट आणून बसवावा. मजकूर तत्काळ वाचता येतो. पुढे सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. मात्र रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे हमखास घसरतात, म्हणून कल्पांची नावे व मात्रा असलेले रकाने नजरेखालून घातल्याशिवाय जुना संगणक भंगारवाल्यास देऊ नये.