इचिनेशिया : प्रेअरीतील एका मुळाचे पारंपरिक उपयोग

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील प्रेअरी या गवताळ प्रदेशात, कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सासपर्यंत, फिकट जांभळ्या पाकळ्यांची एक बहुवर्षायू वनस्पती आढळते. सूर्यफुलाच्या कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव इचिनेशिया अँगुस्टिफोलिया. फुलाचा मधला भाग काटेरी असतो. ओमाहा व पोन्का जमाती त्याने केस विंचरीत. त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थही 'फणीचे झाड' असाच आहे.

मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली मिसुरी नदीच्या खोऱ्यातील जमातींच्या वनस्पतिज्ञानाची नोंद प्रसिद्ध केली. तीनुसार सर्पदंश, कीटकदंश, दातदुखी, गालगुंड व भाजलेली त्वचा यांवर ही वनस्पती वापरली जाई. डोकेदुखीवर तिची धुरी घेत. तोंड बधिर करून जळता निखारा तोंडात धरण्याचा खेळ आपण अनेकदा केल्याचे एका विनेबागो गृहस्थाने गिलमोर यांना सांगितले होते. ही अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही. मुळातील अल्कामाइड द्रव्यांमुळे जिभेला झिणझिण्या येऊन बधिरता येते. महाराष्ट्रात दातदुखीवर चघळल्या जाणाऱ्या अक्कलकाऱ्याच्या फुलाचा गुणही याच वर्गातील द्रव्यांमुळे आहे. सर्पदंशावरील उपयोगास मात्र असा आधार मिळालेला नाही.

नेब्रास्कातील एच. सी. एफ. मेयर यांनी या मुळापासून 'रक्तशुद्धी'चे औषध बनवून विकले. त्याची खात्री पटविण्यासाठी स्वतःला विषारी सापाकडून दंश करवून घेण्याचीही त्यांची तयारी होती! १८८७ मध्ये हे औषध वैद्यकीय नियतकालिकात पोहोचले. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीतील गेरहार्ड माडाउस यांनी मागविलेले बियाणे दुसऱ्याच जातीचे, इचिनेशिया पुरपुरियाचे, निघाले. युरोपातील बरेचसे संशोधन त्यामुळे त्याच जातीवर झाले. सर्दीवरील २४ चाचण्यांच्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात निःसंदिग्ध लाभ दिसला नाही. परंतु यावरून प्रेअरीतील पारंपरिक ज्ञान फोल ठरविणे योग्य नव्हे. जात बदलली, अनेकदा वनस्पतीचा भागही बदलला, आणि व्याधी तर बदललीच.

मागणीचा भार रानातील मुळांवर मात्र पडला. नांगरटीमुळे प्रेअरी आधीच आक्रसलेली आहे, आणि मूळ खणणे म्हणजे बहुधा रोपच काढणे. केली किंडशर व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात, वरचे १५ ते २० सेंमी मूळ काढल्यावरही सुमारे निम्मी रोपे खोल उरलेल्या मुळातून पुन्हा फुटल्याचे आढळले. उरलेली निम्मी फुटली नाहीत.