शनिवारवाड्याची नवलाई

राजवाडा म्हटला की झुंबरे, गालिचे, आरसे आणि उंच उंच महाल आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. पुण्याचा शनिवारवाडा पाहावयास गेलात, तर यांपैकी काहीही तुम्हांस आढळणार नाही. बाहेरून प्रचंड दरवाजा, भक्कम तट आणि नऊ बुरूज दिसतात. आत पाऊल टाकावे तो हिरवळ, दगडी जोती आणि कोरडी कारंजी! "मग वाडा कुठे आहे?" असे मुले विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर या उरलेल्या दगडांतच दडलेले आहे; मात्र ते दगड वाचता आले पाहिजेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेशवे हे राजे नव्हते. ते छत्रपतींचे पंतप्रधान होते. छत्रपती शाहू महाराजांची राजधानी सातारा येथे होती. पहिले बाजीराव पेशवे यांनी पुण्यात आपले निवासस्थान बांधविले, ते हे. पुढे मराठी राज्याचा कारभार येथूनच चालू लागला आणि एका पंतप्रधानाच्या वाड्यास राजवाड्याचे महत्त्व आले.

शनिवार की मंगळवार?

वाड्याचा पाया माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ या दिवशी घातला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत ही तारीख १० जानेवारी १७३० अशी दिलेली असते. त्या दिवशी शनिवार होता. दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, तो दिवसही शनिवारच!

परंतु आजच्या दिनदर्शिकेच्या रीतीने मागे गणित मांडले, तर १० जानेवारी १७३० हा मंगळवार येतो. मग चूक कोणाची? चूक कोणाचीच नाही. इंग्रजांमध्ये १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालू होती. ती सूर्याच्या गतीशी जुळत नसल्यामुळे त्या वर्षी त्यांनी सप्टेंबर महिन्यातील ११ दिवस गाळले आणि नवी कालगणना स्वीकारली. मराठ्यांच्या इतिहासातील त्यापूर्वीच्या तारखा बहुधा जुन्या रीतीने देतात. १० जानेवारीत ते ११ दिवस मिळविले की २१ जानेवारी १७३० येते, आणि तो शनिवार असतो. वहीत मांडून पाहा. वाड्याच्या नावाचा ताळा तुम्हांसच मिळेल.

हत्तीला अडविणारा दरवाजा

तटाला एकूण पाच दरवाजे आहेत : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ किंवा नारायण. गणेश दरवाजातून वाड्यातील स्त्रिया जवळच्या कसबा गणपतीच्या दर्शनास जात असत. सर्वांत मोठा तो दिल्ली दरवाजा. त्याचे तोंड उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेस आहे. अंबारीसह हत्ती आत यावा, एवढा तो प्रशस्त आहे.

या दरवाजाच्या जाड फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. प्रत्येक फळीवर नऊ आणि आठ अशा ओळींत ७२ खिळे. हे केवळ शोभेसाठी नव्हेत. त्या काळी दरवाजा फोडण्यासाठी हत्तीचा उपयोग करीत. हत्ती आपल्या कपाळाने धडक देतो, म्हणून खिळे नेमके त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसविले आहेत.

मोठा दरवाजा दर वेळी उघडणे गैरसोयीचे आणि धोक्याचेही होते. म्हणून उजव्या फळीत एक लहानशी दिंडी ठेवली आहे. दिंडीतून शिरणाऱ्यास मान लववावी लागते आणि एका वेळी एकालाच आत येता येते. शत्रू आला, तरी तो असा एकेकटाच आणि वाकूनच येणार! शिवाय आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. ती वळणे घेते. त्यामुळे धावत येणाऱ्या टोळीचा वेग आपोआप मोडतो. दरवाजावर नगारखाना आहे. तेथे आजही जुने लाकडी खांब पाहावयास मिळतात.

विजेवाचून उडणारे कारंजे

वाड्यातील हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे आहे. बाल पेशवे सवाई माधवराव यांच्या मनोरंजनासाठी ते बांधले गेले, असे सांगतात. नाव हजारी असले, तरी त्याच्या तोट्या हजारांहून पुष्कळच कमी होत्या. मोठी संख्या सुचविण्यासाठी 'हजार' म्हणण्याची आपल्या भाषेची रीतच आहे.

त्या काळी वीज नव्हती, पंप नव्हते. मग पाणी उसळत कसे असे? याचे उत्तर शहराच्या दक्षिणेस, सुमारे आठ किलोमीटरांवर, कात्रज येथे मिळते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत तेथे तलाव बांधण्यात आला. वरच्या तलावात गाळ खाली बसे आणि निवळलेले पाणी पुढे जाई. तेथून जमिनीखालील चुनेगच्ची नळातून ते पुण्यास आणले होते. हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा आहे. हवा खेळती राहावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी, म्हणून त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते.

कात्रज उंचावर आणि पुणे शहर सखलात. पाणी नेहमी आपली पातळी गाठू पाहते. उंचावरून आलेले पाणी बंद नळातून अरुंद तोटीशी पोहोचले की वर उसळते. घरी हा प्रयोग सहज करता येईल. पाण्याने भरलेल्या रबरी नळीचे एक टोक उंच धरा, दुसरे खाली आणून वर वळवा. खालच्या टोकातून उडणारी धार म्हणजे तुमचे छोटेसे हजारी कारंजेच होय! याच नळाचे पाणी शहरातील सार्वजनिक हौदांतही खेळत असे. जे पाणी वाड्यात कारंज्याच्या रूपाने नाचे, तेच हौदावर सामान्य माणसाची घागर भरी. वाड्याची ही नवलाई सर्वांत मोठी म्हणावी लागेल.

कसबी हातांची किमया

बांधकामासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला होता. मूळ वाड्यास १६,११० रुपये खर्च आला, अशी नोंद सांगितली जाते. पुढील पेशव्यांनी त्यात भर घातली. नानासाहेबांनी १७५५ मध्ये गणेशोत्सवासाठी गणेश रंगमहाल उभारला. आरसेमहाल, हस्तिदंती महाल, नाचाचा दिवाणखाना अशी इतर दालनांची नावे ऐकूनच त्यांच्या वैभवाची कल्पना यावी.

पेशव्यांची नावे आपण पाठ करतो. पण वाडा घडविणाऱ्यांची नावे सहसा कानांवर येत नाहीत. कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकाम करणारा जयपूरचा भोजराजा ही नावे परंपरेने जपलेली आहेत. तीही ध्यानात ठेवावीत.

आख्यायिका आणि इतिहास

या वाड्याने दुःखाचे दिवसही पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा येथे खून झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. पत्रातील 'ध' चा 'मा' केला गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती लोकांच्या तोंडी आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही. याउलट, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी प्रत्यक्ष सत्ताधाऱ्याला, म्हणजे रघुनाथरावांना, दोषी ठरविण्यास मागेपुढे पाहिले नाही, हा इतिहास आहे. वाडा पाहताना कानांवर येणाऱ्या गोष्टींपैकी आख्यायिका कोणती आणि इतिहास कोणता, हे पारखून घेण्याची सवय लावून घ्यावी.

आत महाल नाहीत, तर त्यांचे वैभव आपल्याला कळले कसे? जुन्या कागदपत्रांतून आणि चित्रांतून. १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याशी तह झाला. त्या प्रसंगाची रेखाटने जेम्स वेल्स या चित्रकाराने केली. तो १७९५ मध्ये निवर्तला. पुढे टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये त्यांवरून मोठे चित्र पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

सात दिवसांची आग

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि लवकरच पेशवाईचा अस्त झाला. पुढे वाड्याचा उपयोग तुरुंग आणि रुग्णालय यांसाठीही करण्यात आला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आतील इमारतींस आग लागली. ती सात दिवस धुमसत होती. वरचे मजले सागाचे. ते भस्मसात झाले. तट आणि जोती दगडाविटांची, ती उरली. वाडा कुठे गेला, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

१९१९ साली शनिवारवाडा संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाला. पुढील काही वर्षांत मातीचे थर उपसण्यात आले आणि दडलेली जोती, हौद व कारंजी पुन्हा उजेडात आली. कोणता महाल कोठे होता, हे आज सांगता येते ते त्या खोदकामामुळेच.

पाहावयास जाल तेव्हा

शनिवारवाडा पाहावयास जाल, तेव्हा दरवाजावरील खिळे मोजा, दिंडीतून मान लववून आत जा, कारंज्याच्या पाकळ्या मोजा, तटावरून फिरून आतील जोत्यांचा नकाशा काढा. मात्र भिंतींवर नावे कोरू नका आणि जोत्यांचे दगड हलवू नका. ज्या ग्रंथाची बहुतेक पाने जळून गेली, त्याचे उरलेले प्रत्येक पान मोलाचे असते. एक दगड जागचा हलला, तर महालाची एक भिंत कोठे होती, हे पुढच्या पिढीस कधीच कळणार नाही. आगीने जे नेले ते परत येणार नाही. परंतु आगीनेही जे सोडले, ते जपणे तुमच्या-आमच्या हाती आहे.