फलकावर जागा मर्यादित, पडद्यावर नाही
कंपन्यांची पोर्टले, त्यांची ओळख आणि सीमाभागातील मराठी ग्राहक

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या मार्गालगतचे उचगाव मळेकरणी देवीसाठी आणि तेथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनासाठी ओळखले जाते. महाराष्ट्राची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे. गावात घरोघरी मराठी बोलली जाते, जमिनीचा उतारा कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ प्रणालीतून कन्नडमध्ये मिळतो आणि बँक, विमा, मोबाईल किंवा रेल्वे तिकिटाच्या पोर्टलवर गाठ पडते ती बहुधा इंग्रजी किंवा हिंदीशी. एकाच माणसाला एकाच दिवसात तीन-चार भाषांचे उंबरठे ओलांडावे लागतात.

पूर्वी या उंबरठ्यावर माणूस बसलेला असे. खिडकीपलीकडच्या कारकुनाला मराठी समजत असेल, तर अर्ज कोणत्याही भाषेतील असो, काम पुढे सरके. आता खिडकीची जागा पडद्याने घेतली आहे. पडदा केवळ शिकवलेलेच बोलतो. म्हणूनच पोर्टलची रचना कोण करतो, कोणाला डोळ्यांपुढे ठेवून करतो आणि त्यावर कंपनीची ओळख कशी उमटते, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

अनुभव आणि ओळख

संगणक क्षेत्रात ‘यूएक्स’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संकल्पना म्हणजे वापरकर्त्याचा अनुभव. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीत काम करताना ही संज्ञा रूढ केली. त्यांचे म्हणणे सोपे होते. एखादी वस्तू वापरताना माणूस अडखळला, तर दोष बहुतेक वेळा माणसाचा नसून वस्तूच्या रचनेचा असतो. दार ओढायचे की ढकलायचे हे सांगण्यासाठी दारावर पाटी लावावी लागत असेल, तर दाराची मूठ चुकली आहे.

ब्रँडिंग म्हणजे ओळख घडवणे. बोधचिन्ह, रंग आणि घोषवाक्य हा तिचा दर्शनी भाग झाला. तिचा गाभा विश्वास हा आहे. मराठीला ही कला नवी नाही. कमल शेडगे यांच्या अक्षरांनी कित्येक मराठी नाटकांना जाहिरातीतूनच चेहरा दिला. शीर्षकाच्या वळणावरूनच प्रेक्षक नाटकाचा बाज ओळखत. पोर्टलवर मात्र ओळख केवळ दिसण्यातून सिद्ध होत नाही. मुख्यपृष्ठ कितीही देखणे असले, तरी हप्ता भरताना तिसऱ्या पायरीवर ग्राहक अडकला की त्याच्या मनात त्या कंपनीचे तेच नाव राहते. अनुभव आणि ओळख या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात त्या येथे.

भाषेचे बटण कोणत्या भाषेत?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे संकेतस्थळ उघडताच हिंदीत दिसू लागले आणि तमिळनाडूत गदारोळ उठला. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी जाहीर आक्षेप घेतला. इंग्रजी निवडण्याचा पर्यायसुद्धा हिंदीतच लिहिलेला आहे, हा त्यांच्या तक्रारीतील एक मुद्दा होता. तांत्रिक अडचणीमुळे असे घडल्याचे महामंडळाने स्पष्ट केले आणि पान पूर्ववत झाले.

राजकारण बाजूला ठेवले, तरी या प्रसंगातून रचनेचा एक मूलभूत नियम हाती लागतो. भाषा बदलण्याचे बटण त्या-त्या भाषेतच लिहिलेले असावे. मराठीसाठी ‘मराठी’, कन्नडसाठी कन्नड लिपीतील ‘कन्नड’, इंग्रजीसाठी इंग्रजी. ज्याला पानावरील भाषा वाचता येत नाही, त्याच्यासाठीच ते बटण असते; त्याला न समजणाऱ्या लिपीत ते लिहिणे म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवणे होय. भाषेच्या जागी राष्ट्रध्वजाचे चित्र लावण्याची पद्धतही भारतात निरुपयोगी आहे, कारण येथील सगळ्या भाषा एकाच ध्वजाखाली नांदतात.

दुसरा नियम निवड लक्षात ठेवण्याचा. अनेक पोर्टलांवर पहिले पान मराठीत दिसते आणि ‘पुढे’ म्हणताच दुसरे पान इंग्रजीत उघडते. ग्राहकाच्या दृष्टीने हे सर्वांत त्रासदायक, कारण फसगत अर्ध्या वाटेवर होते. पैसे भरण्याचे अखेरचे पान ज्या भाषेत आहे, तीच त्या पोर्टलची खरी भाषा समजावी.

गाव एक, रूपे अनेक

उचगाव या एका नावातही पोर्टलचा कस लागतो. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात दुसरे उचगाव आहे. पत्ता भरताना केवळ गावाचे नाव विचारले, तर यंत्राला राज्यही ओळखता येणार नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘च’नंतर स्वर लिहावा की नाही, याचेही एकमत नाही. आधी पिनकोड विचारून त्यावरून गाव, तालुका आणि जिल्हा आपोआप समोर आणणे, ही या गोंधळावरची साधी तोड आहे.

जिल्ह्याच्या नावाची कथा आणखी गुंतागुंतीची. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली, त्यांत इंग्रजीतील ‘बेळगाम’चे ‘बेळगावी’ झाले. जुनी कागदपत्रे एका नावाची, नवी दुसऱ्या नावाची आणि लोकांच्या तोंडी ‘बेळगाव’. यादीत एकच रूप ठेवणाऱ्या पोर्टलवर शोध घेणाऱ्याला आपला जिल्हाच सापडत नाही. रेल्वेने यातून मार्ग काढलेला दिसतो. स्थानकाचे नाव बदलले, पण ‘बीजीएम’ हा संकेत तोच राहिला. यंत्राने आत एकच स्थिर संकेत ठेवावा आणि बाहेर माणूस कोणत्याही नावाने विचारो, त्याला त्याच ठिकाणी पोहोचवावे, ही आदर्श रीत.

माणसांच्या नावांबाबत तर चूक महागात पडते. कन्नड नोंदीतील मराठी आडनाव इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आले, की ‘काळे’चे ‘काले’ किंवा ‘कले’ होऊ शकते. उताऱ्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरे रूप असले की पोर्टल ‘नाव जुळत नाही’ एवढेच सांगून थांबते. नेमके कोणते अक्षर जुळत नाही आणि पुढे काय करावे, हे सांगणारा संदेश लिहिणे हेही रचनाकाराचेच काम आहे.

अक्षरांचे अंतरंग

देवनागरी एकच असली, तरी मराठीची वळणे हिंदीहून काही ठिकाणी वेगळी आहेत. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी रूपे कोणती, हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने निश्चित केले. आजच्या अनेक टंकांत दोन्ही वळणे साठवलेली असतात. पानाची भाषा मराठी आहे, एवढी सूचना पानाच्या आज्ञावलीत लिहिली, की अशा टंकात मराठी वळण आपोआप उमटते. एका ओळीचे हे काम राहून जाते आणि मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी यंत्रणाही याच सूचनेवरून उच्चार ठरवते, त्यामुळे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही.

‘वऱ्हाडी’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते भिन्न असतात. शोधयंत्रणेने दोहोंची सांगड घातली नसेल, तर ग्राहकाने अचूक टंकलेले स्वतःचे आडनावही ‘उपलब्ध नाही’ ठरते. शिवाय देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वर, तर उकार खाली येतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींच्या अंतरात त्या एकमेकांवर आदळतात आणि बटणावरच्या शब्दाचा माथा कापला जातो.

या बाबतीत मराठी माणसांनी मोठे काम करून ठेवले आहे. विंडोजमधील ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांनी आरेखित केला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक विनामूल्य खुले केले आहेत. आयआयटी मुंबईत साकारलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक बाराखडीच्या क्रमाचा आधार घेतो. साधनांची उणीव नाही. उणीव आहे ती ती वापरण्याच्या आग्रहाची.

भाषांतर आणि भाषा

यंत्राकडून भाषांतर आता क्षणात मिळते. केंद्र शासनाने ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू केला आणि कंपन्यांसमोरही स्वस्त पर्याय आले. मात्र संदर्भ नसलेला एकटा शब्द यंत्राच्या हाती दिला की अनर्थ संभवतो. बँकेच्या पानावर ‘इंटरेस्ट’चे ‘व्याज’ व्हायला हवे, ‘आवड’ नव्हे; ‘बॅलन्स’ म्हणजे ‘शिल्लक’, ‘संतुलन’ नव्हे; विजेचे ‘बिल’ हे ‘विधेयक’ नसते. ‘ओटीपी’ किंवा ‘पासवर्ड’ हे शब्द लोकांच्या तोंडी रुळले आहेत, तेथे ‘एकवेळ परवलीचा शब्द’ लिहून ग्राहकाला कोड्यात टाकण्यातही हशील नाही.

मराठीचे व्याकरण स्वतःची अट घालते. नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘तुमची शाखा अमुकमध्ये आहे’ असा साचा करून त्यात यंत्राने गावाचे नाव भरले, तर ‘गोवामध्ये’, ‘फोंडामध्ये’ अशी वाक्ये तयार होतात. ‘गोव्यामध्ये’ आणि ‘फोंड्यामध्ये’ ही रूपे यंत्राला ठाऊक नसतात. उपाय अवघड नाही. वाक्याऐवजी ‘शाखा : फोंडा’ अशी मांडणी केली की प्रत्ययाचा प्रश्नच उरत नाही. हे सुचण्यासाठी रचना चालू असतानाच मराठी जाणणारी व्यक्ती सोबत असावी लागते. इंग्रजी पोर्टल पूर्ण करून शेवटच्या आठवड्यात ते भाषांतरासाठी धाडले, की हातात शब्द पडतात, भाषा नाही.

पत्ता हीच ओळख

संकेतस्थळाचा पत्ता हा ब्रँडचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. बनावट पोर्टले बोधचिन्ह हुबेहूब उचलतात, रंगही उचलतात. पत्ता मात्र त्यांना उचलता येत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर येण्याचे आदेश दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवली. हा पत्ता केवळ बँकांसाठी राखीव आहे. बेळगाव परिसरात सहकारी बँका आणि पतसंस्था शेजारी-शेजारी नांदतात, गोव्यातही तसेच आहे. कोण बँक आणि कोण पतसंस्था, हे पत्त्याच्या शेपटीवरून कळणे ठेवीदाराच्या हिताचे आहे.

पत्ता देवनागरीतही असू शकतो. ‘डॉट भारत’ हा देवनागरी विस्तार ऑगस्ट २०१४ मध्ये मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी खुला झाला. कंपन्यांनी अद्याप त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

हक्क आणि व्यवहार

राज्यघटनेचे ३५० वे कलम नागरिकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० ‘ख’ कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. ज्या क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे सुरक्षा योजनेत अभिप्रेत आहे. सीमाभागातील मराठी भाषकांच्या परिपत्रकांच्या मागणीमागे हाच आधार आहे. खासगी कंपन्यांच्या पोर्टलांना मात्र हे लागू होत नाही. तेथे कायद्याऐवजी ग्राहकाचा आग्रहच उपयोगी पडतो.

फलकांचा वाद येथे आठवणे अपरिहार्य आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये व्यावसायिक फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक केले. महाराष्ट्रात दुकानांचे फलक मराठीत लावण्याची सक्ती आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. लाकडी किंवा पत्र्याच्या फलकावर जागा ठरावीक असते. तेथे एका भाषेला जागा वाढवून दिली की दुसरीची कमी होते, म्हणून फलक हा संघर्षाचा विषय बनतो. पडद्यावर ही अडचण नाही. कन्नडला पूर्ण पान देऊनही मराठीला पूर्ण पान देता येते, कोकणीला देता येते आणि कोणाचेही एक अक्षर उणे होत नाही. सीमाभागात इतकी वर्षे न सुटलेला प्रश्न निदान या एका ठिकाणी वादाविना सुटू शकतो.

गोव्यालाही हे परके नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराची मुभा ठेवली. तरीही येथील ग्राहक बँकेचे पोर्टल सवयीने इंग्रजीत उघडतो आणि घरातील वडीलधाऱ्यांचा हप्ता तरुण मुले भरतात. मोबाईल, पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देण्याची ही सवय केवळ परावलंबनाची नाही, ती आर्थिक जोखमीचीही आहे. समजेल अशा भाषेतील पोर्टल हा सुरक्षेचाच एक भाग आहे.

पाच माणसांची कसोटी

जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० मध्ये मांडलेले सूत्र या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. केवळ पाच वापरकर्त्यांसमोर पोर्टल ठेवून त्यांचे निरीक्षण केले, तरी रचनेतील बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. कंपन्या ही पाच माणसे बंगळुरू किंवा मुंबईच्या कार्यालयातूनच निवडतात, म्हणून उचगावची अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या पाचांत एक शेतकरी, एक गृहिणी आणि एक निवृत्त शिक्षक सीमाभागातील असला, तर ‘काळे’ आणि ‘काले’ यांतील अंतर पहिल्याच दिवशी लक्षात येईल.

ग्राहकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. पोर्टलवर मराठीचा पर्याय असेल, तर तो वापरणे. कारण कोणत्या भाषेचे पान किती वेळा उघडले याची नोंद कंपनीकडे राहते आणि न वापरलेला पर्याय खर्चकपातीत आधी जातो. पर्याय नसेल किंवा सदोष असेल, तर अभिप्रायाच्या रकान्यात तसे मराठीतच नोंदवणे. तो रकाना बहुतेक प्रत्येक पोर्टलवर असतो आणि बहुतेक वेळा रिकामा राहतो.