समुद्रतळ पहिल्यांदा खाली कसा जातो?

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरला की पुढचं काम त्याचं स्वतःचं वजनच करतं. तेच त्याला प्रावरणात ओढत राहतं. कोडं आहे ते सुरुवातीचं. जुना समुद्रतळ थंड आणि जड असतो खरा, पण ताठही असतो. तो सहजी वाकत नाही. म्हणून पहिली फट बहुधा आधीच्या भ्रंशरेषेवर पडते, कारण तिथला खडक मुळातच कमकुवत असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा जपानच्या दक्षिणेला, इझू-बोनिन-मारियाना पट्ट्यात मिळतो. २०१४ मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने बोनिन बेटांजवळचा तळ खोदला. वर आले ते सुमारे ५.२ ते ५.१ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाखडक. पॅसिफिक भूपट्ट खचू लागला तसा वरचा भूपट्ट ताणला गेला, तप्त प्रावरण वर येऊन वितळलं आणि बेसाल्ट तयार झाला. बुडणाऱ्या तळातलं पाणी प्रावरणात मिसळू लागताच बोनिनाइट नावाचा वेगळाच खडक बनला. हे सारं काही दशलक्ष वर्षांतच उरकलं. भूविज्ञानात हा वेग थक्क करणारा आहे!

न्यूझीलंडच्या नैर्ऋत्येला, पुसेगर खंदकापाशी, हीच प्रक्रिया आज बाल्यावस्थेत पाहता येते. तिथे दोन भूपट्ट पूर्वी एकमेकांना घासत बाजूने सरकत होते. हळूहळू त्यांच्या हालचालीची दिशा बदलली, दाब वाढला आणि ऑस्ट्रेलियन भूपट्ट पॅसिफिकखाली जाऊ लागला. याच सीमेवर १५ जुलै २००९ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला.