पासवर्ड न देता दिलेली परवानगी

ट्विटर २००६ साली सुरू झाले तेव्हा बाहेरच्या एखाद्या अ‍ॅपला तुमच्या खात्यातून काही लिहायचे किंवा वाचायचे असेल, तर ते सरळ तुमचा पासवर्ड मागत असे, तो साठवून ठेवत असे आणि प्रत्येक विनंतीबरोबर पाठवत असे. नुसते वाचण्यापुरते काम असले तरी सगळे खाते त्याच्या हाती जाई. ते अ‍ॅप नकोसे झाले तर पासवर्ड बदलण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो बदलला की बाकीची अ‍ॅप्सही बंद पडत. ट्विटरमधले ब्लेन कुक, ख्रिस मेसिना आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर ‘ओऑथ’ नावाची खुली पद्धत बांधली. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली आणि २०१० च्या ऑगस्टअखेर ट्विटरने बाहेरच्या अ‍ॅप्सचा पासवर्डचा रस्ता कायमचा बंद केला.

आज रूढ असलेल्या पद्धतीत अ‍ॅप माणसाला सोशल नेटवर्कच्या स्वतःच्या पानावर पाठवते. लॉगिन तिथेच होते आणि अ‍ॅपला काय काय हवे आहे तेही तिथेच दिसते. होकार मिळाला की ब्राउझर थोडाच वेळ चालणारा एक कोड घेऊन परततो. अ‍ॅपचा सर्व्हर तो कोड आणि स्वतःची गुप्त किल्ली दाखवून टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची परवानगीची खूण, मिळवतो. हा वळसा मुद्दाम घातलेला आहे: ब्राउझरच्या पत्त्यात आलेली गोष्ट इतिहासात आणि नोंदींत उरते, म्हणून टोकन त्या वाटेने येऊ द्यायचे नाही. पासवर्ड लपला हा या रचनेचा लहान फायदा. मोठा फायदा असा की परवानगी ही वेगळी वस्तू झाली. ती कोणी दिली, कोणाला दिली, किती कामापुरती आणि किती काळ, हे तिच्याशी बांधलेले असते, आणि बाकी कशालाही धक्का न लावता ती एकटी रद्द करता येते.

यावरचा सर्वांत जाणता आक्षेप घरातूनच आला. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक विनंतीवर गणिती सही असे. दुसऱ्या आवृत्तीने ती सक्ती सोडली आणि टोकन बेअरर चेकसारखे झाले: ज्याच्या हाती, त्याचे. तिचे प्रमुख लेखक एरन हॅमर यांनी २०१२ च्या जुलैत नाव काढून घेतले. सुरक्षा सैल झाल्याची त्यांची भीती खरी ठरली. २०१८ च्या सप्टेंबरात फेसबुकच्या ‘व्ह्यू अ‍ॅज’ (आपले पान दुसऱ्याला कसे दिसते ते पाहण्याच्या) सोयीतल्या चुकीमुळे हल्लेखोरांना दुसऱ्यांच्या खात्यांची टोकने मिळाली. फटका बसलेली खाती आधी ५ कोटी सांगितली गेली, नंतर सुमारे ३ कोटी. ती टोकने फेसबुकच्या स्वतःच्या मोबाइल अ‍ॅपच्या अधिकारांची होती, म्हणून घाव खोल गेला. तरीही कंपनीने ९ कोटी खात्यांची टोकने रद्द केली, लोकांनी पुन्हा लॉगिन केले आणि पासवर्ड बदलावा लागला नाही. म्हणजे टोकन चोरीला जाते हे मान्य करूनच त्याचा अधिकार लहान आणि आयुष्य कमी ठेवायला हवे. सही नसण्याची भरपाई तिथेच होते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: होकाराचे बटण लोक न वाचताच दाबतात. यासाठी केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण पुढे केले जाते, ज्यात एका अ‍ॅपने गोळा केलेली फेसबुकवरची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अ‍ॅप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते, पण सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती त्यातून गेली असण्याची शक्यता होती. इथे टोकन फुटले नव्हते, कुलूपही तुटले नव्हते. मित्रांची माहिती मागता येईल असा अधिकारच फेसबुकने परवानग्यांच्या यादीत ठेवला होता. जुन्या अ‍ॅप्ससाठी तो २०१५ च्या एप्रिलअखेर संपला. ज्यांची माहिती गेली, त्यांतल्या बहुतेकांपुढे ते बटण कधी आलेच नव्हते. त्यामुळे दोष न वाचणाऱ्यांवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. यादी लिहिणारी कंपनी असते आणि यंत्रणा त्या यादीशी इमानदार राहते. शिवाय टोकन रद्द केल्याने पुढची विनंती थांबते, आधीच उतरवून नेलेली माहिती परत येत नाही. म्हणून परवानगी मुळातच तोकडी असावी आणि वापराविना आपोआप संपावी. तीन महिने न वापरलेल्या अ‍ॅपचा माहितीवरचा हक्क काढून घेण्याचे फेसबुकने २०१८ मध्ये जाहीर केले. हा नियम पहिल्या दिवसापासून लावता आला असता.